रजियाचे पाय

९ डिसेंबर १९३७, गुरुवार. शहादा

ईद आटोपली आणि बेत पक्का झाला. परवा, शनिवारी, निघायचं. थेट तोरणमाळ. खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, पाठीवर दोन नव्या रजया, आणि मागोमाग रजिया.

हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. उद्या डोंगरात पिंजाऱ्याचा धंदा जोरात चालला की आमच्या गल्लीतले सगळे म्हणतील, आम्हालाही हेच सुचलं होतं. तर दाऊद पिंजाऱ्याला आधी सुचलं, हे इथं शाईत आहे. चौथीपर्यंत शिकलो, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

विचार अगदी सरळ आहे. शहाद्यात दर गल्लीला पिंजारी. वर डोंगरात थंडी मरणाची, आणि पिंजारी औषधालाही नाही. रजईची ऊब एकदा अंगाला लागली की कोण सोडतो? रजियाच मागं भाकरी भाजताना म्हणाली होती, की वरच्या लोकांकडं पांघरूण म्हणून काही नसतं. ती सहज बोलून गेली. त्यातून धंदा मी काढला.

दुसरं कारण रजियाचं दुखणं. रमजानच्या आधी आम्ही नंदुरबारला हकीमसाहेबांकडं गेलो होतो. गेलो होतो माझ्या नावानं. सकाळी मला जरा खोकला येतो, पण तो कुठल्या पिंजाऱ्याला येत नाही? कापसाची धूळ खाऊनच आम्ही मोठे झालो. हकीमसाहेबांनी माझी नाडी धरली, पाठीला कान लावला, आणि मला बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं. मग आत रजियाशीच बराच वेळ बोलत बसले. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी काय दुधखुळा नाही, तेव्हाच ओळखलं की दुखणं तिचं आहे. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "पायमा ताकद नही ऱ्हायनी. डोंगरनी हवा लागनी ते बरं वाटी."

बायकोच्या पायांसाठी डोंगर चढणारा नवरा आमच्या गल्लीत दुसरा दाखवा.

कापसातली सरकी काढायच्या जिनिंगचा मुकादम वहाब माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला सांगून आलो, नव्या सालाच्या पहिल्या दिवशी हजर होतो, माझी जागा कोणाला देऊ नको. हिवाळ्यात जिनिंगमध्ये माझ्यासारखा हात त्याला मिळायचा नाही. तो म्हणाला, दाऊद, तू जरा वाळलास. रोजे झालेत बाबा, वाळणारच.

११ डिसेंबर, शनिवार. राणीपूर

दिवसभर सपाटीवर चाललो. दोन्ही बाजूंनी कापसाची वेचणी चाललेली, आणि गाड्या भरभरून शहाद्याकडं निघालेल्या. ओळखीचे गाडीवान मला विचारायचे, दाऊदभाई, कापूस तिकडं चाललाय आणि तुम्ही उलटे कुठं? मी सांगायचो, गिऱ्हाईक तिकडं आहे. एका गाडीच्या मागून चालताना धुरळा आणि कापूस दोन्ही उडाले तेव्हा रजियानं माझ्या तोंडावर तिचं ओढणीचं टोक धरलं. भर रस्त्यात. तो गाडीवान हसला, मी लाजलो.

रजियानं स्वतःचं एक गाठोडं आणलंय. त्यात काचेच्या बांगड्या, मणी, सुया, आरसे आणि मिठाची पिशवी. मी म्हटलं, बाजार मांडायचाय का? तिची मावशी, खातून खाला, तळोद्याहून डोंगरात बांगड्या विकत हिंडायची, आणि रजिया लहानपणी तिच्यासोबत जायची. म्हणून ही हौस. असो, बायकांना काहीतरी विरंगुळा लागतो.

इथं एका दुकानदारानं पडवी दिली. पाय धुतले, नमाज झाली, आता भाकरीची वाट बघत लिहितोय.

१२ डिसेंबर, रविवार. घाटात

चढ सुरू झाला आणि रजियाच्या पायांनी दगा दिला. प्रत्येक वळणाला बसते. मी बोललो नाही. दुखणाईत बाईमाणसाला बोलण्यात कसली मर्दुमकी?

एक गंमत मात्र लक्षात आली. मला जरा धाप लागली रे लागली, की नेमके त्याच वेळी हिचे पाय दुखायला लागतात. ती म्हणते, "बठा ना जराखा, पाय दुखी ऱ्हायनात," आणि मी तिच्यासाठी म्हणून बसतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता शरीरंही एकमेकांच्या ओळखीची झाली असणार.

दुपारी एका झऱ्यापाशी रायसिंग नावाचा माणूस भेटला. शहाद्याचा बाजार करून वर निघालेला, डोक्यावर भलं मोठं ओझं, आणि चाल अशी की जणू अंगणात फिरतोय. आपल्याकडच्या बाजारात येऊन येऊन त्याला आपली बोली छान येते. माझं पिंजण त्यानं वरून खालून पाहिलं. त्याच्या खांद्यालाही धनुष्य होतंच, पण माझ्या पिंजणापुढं ते पोरसवदा.

"भाऊ, ह्या धनुष्यघाई तू काय मारस?" त्यानं विचारलं.

"कापूस," मी म्हटलं.

तो इतका हसला की त्याला डोक्यावरचं ओझं खाली ठेवावं लागलं. पण माणूस दिलदार. म्हणाला, तोरणमाळच्या अलीकडंच माझा पाडा आहे, तिथंच उतरा. आमच्या चालीनं चालायचं म्हणून तोही वळणावळणाला बसत आला. त्यानं एकदाही कारण विचारलं नाही.

१४ डिसेंबर, मंगळवार. रायसिंगचा पाडा

काल संध्याकाळी पोचलो. डोंगराच्या कुशीत विखुरलेली कुडाची घरं, प्रत्येकाचं शेत घराभोवती, वरच्या उतारावर कापून ठेवलेल्या गवताची मोठी गंजी. रायसिंगची म्हातारी आई भुरीबाई आणि बायको गुलाबबाई. रजिया आत शिरली आणि त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत घडाघडा बोलायला लागली. मला हे माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाली, खालाबरोबर यायचे ना.

धंद्याचा श्रीगणेशा मी मोठ्या मनानं केला. एक रजई भुरीबाईला तशीच देऊन टाकली. म्हातारीनं ती अंगावर घेतली तेव्हा तिचा चेहरा पाहायला हवा होता. आता चार पाड्यांत बातमी जाईल, असा माझा हिशेब.

बातमी गेली, पण दुसरीच. हे लोक चुलीच्या, नाहीतर शेकोटीच्या कडेनं झोपतात, इतके जवळ की कूस वळली तरी ऊब लागते. आज सकाळी पाहतो तर रजई अंगणात, पाण्यानं भिजलेली, आणि मधोमध रोटीएवढं काळं भोक. ठिणगी पडली आणि आतला कापूस गुपचूप धुमसत राहिला. भुरीबाईला काही झालं नाही. उलट तीच सगळ्यांना हातवारे करून सांगतेय आणि अख्खा पाडा हसतोय. दुपारी तिनं ती वाळवून तिच्यावर कोंबडी उबवायला बसवली.

रायसिंग म्हणाला, आमचं पांघरूण लाकूड आहे, ते जंगलात फुकट मिळतं. आणि इथं कापूस पिकतच नाही, तर पिंजणार काय? बोलला ते खरं. मी रजियाला म्हटलं, हे तुला ठाऊक नव्हतं का, तू तर लहानपणी यायचीस. ती पाटीतले मणी निवडत होती. म्हणाली, लहान होते, विसरले.

नवऱ्याचा धंदा पहिल्याच दिवशी बुडाला, आणि हिच्या तोंडावर सुतकाची रेषा नाही.

१६ डिसेंबर, गुरुवार. तोरणमाळ

हार मानणारा मी नाही. तोरणमाळला एका वाण्याचं दुकान आहे, हे कळलं तसा तिकडं गेलो. इथं थंडी म्हणजे थंडी. तलावावर सकाळी धुकं बसलेलं असतं आणि बोलताना तोंडातून वाफ निघते. वाण्यानं गादी दाखवली. कापसाचे नुसते गोळे झालेले. मी म्हटलं, उद्या सकाळी अशी पिंजून देतो की झोपेतून उठणार नाही.

रजिया पाड्यापाड्यांतून बांगड्या भरत येतेय. बायका लांबून लांबून येतात, तिच्यापुढं हात धरून बसतात, आणि कोणी मका देतं, कोणी उडीद, कोणी मध. बांगडी चढवताना ती त्यांचा हात असा दाबते की काच लागत नाही, आणि सगळं घरचं बोलणं काढून घेते. तिचा वेळ छान जातो.

आज एक आनंदाची गोष्ट. तिचे पाय सुधारतायत. पाड्यावरून इथवर चढ होता, पण ती एकदाच बसली. मलाही सकाळी खोकला आला नाही. माझी छाती मुळातच लोखंडी आहे, त्यात भुरीबाईचा मध.

१७ डिसेंबर, शुक्रवार

तात गेली.

काम नसलं की पिंजणाची तात, म्हणजे त्याची दोरी, मी काढून कापडात गुंडाळून ठेवतो. आज सकाळी वाण्याच्या ओट्यावर सगळं मांडलं आणि कापड उघडलं तर रिकामं. तात आतड्याची असते, कुत्री तिच्यासाठी जीव टाकतात. रजिया म्हणाली, पहाटे एक कुत्रं इथं घुटमळत होतं खरं. वाण्याकडं पाहवेना. तातीविना पिंजारी म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागलं, आणि समजल्यावर तो जे हसला ते मी इथं लिहीत नाही.

मी दिवसभर कुत्र्यांना शिव्या दिल्या. रजियानं माझ्यासाठी गूळ घालून चहा केला. बिचारी, माझ्याइतकंच तिलाही वाईट वाटलं असणार, कारण माझ्याकडं बघायचंच टाळत होती.

१९ डिसेंबर, रविवार. रायसिंगचा पाडा

परत आलो. रायसिंगनं मला गवत बांधायला लावलं. काम सोपं, वारा मोकळा, आणि संध्याकाळी अशी भूक लागते की गुलाबबाईच्या मक्याच्या भाकरी मोजायची लाज वाटते. खोकला नावालाही नाही. असा धडधाकट माणूस इथं गवताच्या पेंढ्या बांधत बसला, तर वहाब काय म्हणेल? आज जेवताना जाहीर केलं, मंगळवारी निघायचं. जिनिंगला हजर व्हायचं, नवी तात घ्यायची, आणि पुढच्या वर्षी नीट तयारीनं यायचं.

रजिया हातातली भाकरी तशीच धरून बसली. म्हणाली, पाय अजून बरे नाहीत. मी म्हटलं, कालच तू टेकडी चढलीस. ती म्हणाली, उतरताना दुखतात. होळीपर्यंत राहू, इथं होळीच्या आधी बाजार भरतात, बांगड्या संपतील. मी म्हटलं, बांगड्या विकायला मी पिंजाऱ्याच्या पोटी जन्मलो नाही. जरा जोरात बोललो. भुरीबाईला शब्द कळले नसतील, पण तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी ताटात बघायला लागलो.

रजियानं हातातली भाकरी तशीच ताटात ठेवली. ती असं अर्ध्यावर जेवण सोडते ते मला आवडत नाही, पण संसारात एकानं तरी पुढचं पाहायला नको का?

२० डिसेंबर, सोमवार

जे झालं ते झालं तसंच लिहितो.

दुपारी वरून आरडाओरडा आला. गंजीला आग लागली होती. कोणाच्या तरी चिलमीची ठिणगी असेल. त्या गवतावर पाड्यातल्या सगळ्या गुरांचा उन्हाळा अवलंबून. बायका हंडे घेऊन धावल्या, पुरुष हिरव्या फांद्या तोडत धावले. रजिया खालच्या घरी बांगड्या भरून येत होती. तिनं गाठोडं वाटेवरच टाकलं, कोणाच्या तरी हातातला हंडा घेतला, आणि त्या उभ्या चढावर पळाली. पळाली म्हणजे पळाली. गुलाबबाई इथंच जन्मलेली, तिलाही मागं टाकून. तिच्या डोक्यावरची ओढणी कधी खाली आली हेही तिला कळलं नाही.

मीही धावलो. अर्ध्या वाटेवर एक मोहाचं झाड आहे. तिथपर्यंत गेलो, आणि पुढं छातीत काही शिरेना. धूर खाली येत होता. मी झाडाला मिठी मारून उभा राहिलो आणि खोकलो. असा खोकलो की डोळ्यांपुढं काळं झालं. लोक मला ओलांडून जात होते. वर रजिया हिरव्या फांदीनं आग झोडपत होती आणि मी झाड धरून उभा होतो, तिच्या पायांसाठी डोंगर चढून आलेला नवरा.

आग विझली. निम्मी गंजी वाचली.

मी हळूहळू खाली आलो आणि वाटेवरचं गाठोडं उचलायला वाकलो. ते सुटलं होतं, मणी मातीत सांडले होते. ते भरताना आरशांच्या खाली हाताला काहीतरी चिवट लागलं. माझी तात. नीट वेटोळं घालून, तेल लावून ठेवलेली. तातीला तेल लावून ठेवायचं हे तिला मीच शिकवलं होतं.

ती खाली आली तेव्हा तोंड काळं, हाताला भाजलेलं. माझ्या हातातली तात तिनं पाहिली आणि तिथंच दगडावर बसली. मी विचारलं, "तुन्हा पाय?"

"मन्हा पायले काहीच व्हयेल नही," ती म्हणाली. "पहिलेपासून काही नव्हतं."

मग तिनं सगळं सांगितलं. हकीमसाहेबांनी तिला आत काय सांगितलं ते. "यंदा हिवाळाभर कापूसमा ऱ्हायनात, ते पुढला हिवाळा तुम्ही दखाव नहीत, असं त्यासनी सांगं. तुमले खरं सांगं असतं ते तुम्ही हसी काढं असतं, अन् दुसरा दिन जिनिंगमा गया असता. मंग मी एकली कोनाकरता ऱ्हासू?"

म्हणून तिनं असा मुलूख निवडला जिथं कापूसच नाही. रजयांची गोष्ट चुलीपाशी सहज काढली, कारण धंद्याचं नाव काढल्याशिवाय मी हलणार नाही हे तिला माहीत होतं. मला धाप लागली की ती बसायची. वाण्याची गादी निघाली तेव्हा तात लपवली. हे सगळं रायसिंगला झऱ्यापाशीच कळलं होतं. भुरीबाईला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पाड्यातल्या कोंबडीलासुद्धा कळलं असेल. फक्त मला नाही.

आधी राग आला. इतका, की तात तिच्यापुढं फेकली आणि एकटाच ओढ्याकाठी जाऊन बसलो. मला सगळ्यांनी मिळून लहान पोरासारखं फिरवलं, हेच डोक्यात घुमत होतं. मग राग उतरला आणि त्याच्या खाली भीती सापडली. मला मरायचं नाही, हे मी याआधी कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. आणि मग आठवलं, की ही भीती तिनं अख्खे रोजेभर एकटीनं वागवली, सहरीला मला उठवताना, ईदेला शिरखुर्मा वाढताना, आणि घाटात माझ्या पुढ्यात "पाय दुखी ऱ्हायनात" म्हणताना. मी रडलो. तिथं कोणी नव्हतं, पण असतं तरी रडलो असतो.

परत आलो तेव्हा भुरीबाई रजियाच्या हाताला कसलासा पाला वाटून लावत होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि मातीतले उरलेले मणी निवडायला लागलो. एवढंच केलं.

२२ डिसेंबर, बुधवार

मंगळवार गेला. आम्ही निघालो नाही.

रायसिंग बाजाराला खाली जाणार आहे. त्याच्याबरोबर वहाबला निरोप दिला, जागा दुसऱ्याला दे, या हिवाळ्यात नाही, आणि पुढच्याचं पुढं पाहू. रायसिंगच्या घरामागं एक गोठा रिकामा आहे, होळीपर्यंत तो आमचा. पिंजण त्याच्या आढ्याला टांगलं. तात रायसिंगच्या धनुष्याला लावून पाहिली, पण तो म्हणाला, आमची बांबूची दोरीच बरी, तुझी तात कापूसच मारेल. पुन्हा हसला. या वेळी मीही हसलो.

गल्लीतल्यांसाठी लिहून ठेवतो. डोंगरातला हा बांगड्यांचा धंदा कोणाला आधी सुचला, ते मागच्या पानांवर शाईत आहे. खोडायचं मनात आलं, पण शाईतलं खोडलं तरी दिसतंच. धंदा मात्र झकास आहे. मी हिशेबात पक्का, आवाज मोठा, आणि बांगड्यांचं गाठोडं माझ्या पाठीवर शोभतं. होळीच्या बाजारात आमच्यासारखं दुकान कोणाचं नसेल, हे आत्ताच सांगतो.

आज पलीकडच्या पाड्याला निघालो. रजिया पुढं, हाताला पाल्याची पट्टी. चढ लागला. नेहमीच्या वळणाशी माझा श्वास वर आला आणि तिनं बसायला दगड शोधायला सुरुवात केली, तोंडात तेच वाक्य तयार.

मी आधी म्हटलं, "रजिया, बठूत जराखा."

ती वळली. "पाय दुखी ऱ्हायनात का?"

"पाय नही," मी म्हटलं. "छाती."

ती माझ्याशेजारी बसली. श्वास खाली आला, आणि मग मी गाठोडं उचललं.